व्हीलचेअरवरचं लेकरू आणि आपली सहल



कापूस विकला, हातात चार पैसे आले की आपल्या गटांमध्ये एक विषय हमखास निघतो. यंदा कुठं जायचं? कुणी सप्तशृंगी गड म्हणतं, कुणी तोरणमाळ, कुणी सारंगखेड्याची यात्रा, तर कुणी गुजरातमधला सरदार पटेलांचा पुतळा. वर्गणी ठरते, क्रूझर ठरते, भाकरी कुणी आणायच्या आणि ठेचा कुणी, हेही ठरतं. अशा वेळी एखादी ताई हळूच म्हणते, "तुम्ही जाऊन या गं, माझं नाही जमायचं." कारण कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. तिच्या घरी चालता न येणारं मूल आहे.

मूल घरी राहिलं की आईही घरीच राहते. हे एखाद्या वर्षापुरतं नसतं, दहा-बारा वर्षं असंच चालतं. ती यात्रेला जात नाही, गटाच्या अभ्यास दौऱ्याला येत नाही, मग हळूहळू बैठकीलाही कमी येऊ लागते. आणि मुलाचं काय? घराचं छप्पर, अंगण आणि दवाखाना, एवढंच त्याचं जग होतं. वर्गातली मुलं सहलीहून आल्यावर आठवडाभर त्याच गप्पा मारतात आणि हे लेकरू नुसतं ऐकत राहतं.

२०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. म्हणजे आपल्या प्रत्येक गावात असं एखादं तरी घर आहे. म्हणून आज बोलू या की व्हीलचेअरवरच्या मुलाला घेऊन फिरायला जायचं तर तयारी काय करायची, जागा कोणती निवडायची, खुर्ची कशी हाताळायची आणि आपला हक्क काय आहे.

निघण्याआधी तीन प्रश्न

कुठंही जायचं असलं तरी आधी तीन गोष्टी विचारून घ्या. पायऱ्या किती आहेत? शौचालय कसं आहे? गाडी कुठपर्यंत जाते?

विचारताना नेमकं विचारा. "व्हीलचेअर येते का?" असं विचारलं की समोरचा माणूस सहज "हो, येते" म्हणून मोकळा होतो. त्यानं तसा विचार कधी केलेलाच नसतो. त्याऐवजी विचारा, "फाटकापासून देवापर्यंत पायऱ्या किती? मोजून सांगा." "संडास खाली बसायचा आहे की कमोड आहे? दार किती रुंद आहे?" "वाट फरशीची आहे, डांबरी आहे की वाळूची?" तिथं नुकतंच जाऊन आलेलं कुणी असेल तर त्यांच्या मोबाईलमधले फोटो बघा. फोटोत पायरी लपत नाही.

उताराचा रॅम्प आहे असं कुणी सांगितलं तरी तो किती चढाचा आहे हे महत्त्वाचं. त्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ हवा. जितके इंच उंची, तितके फूट लांबी. एक पायरी सहा इंचांची असेल तर रॅम्प सहा फूट लांब हवा. दोन फूट उंच ओट्यावर चढायचं तर चोवीस फूट लांब हवा. सरकारी मानकातही हेच प्रमाण आहे, एकास बारा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तीन पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा उतार ओतलेला दिसतो. तो मोटारसायकल चढवायला बरा. व्हीलचेअर त्यावरून मागं उलटते. दार किमान तीन फूट रुंद असलं तर खुर्ची हाताला न खरचटता आत जाते.

आपल्या भागातली ठिकाणं

पहिलीच सहल लांबची करू नका. मुलाला, आईला आणि सोबतच्या बायकांनाही सवय व्हायला हवी. अर्ध्या दिवसात परत येता येईल अशी जागा निवडा.

नंदुरबार शहरातलं शिरीषकुमारचं स्मारक पहिल्या सहलीसाठी चांगलं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. शाळेत जाणाऱ्या वयाचा हा मुलगा आपल्याच जिल्ह्यातला. आपल्या मुलांना तो धड्यापेक्षा त्या चौकात उभं राहून जास्त समजतो. डोंगर नाही, नदी नाही, शहरातली जागा आहे. गाडी जवळ जाते आणि काही अडचण आली तर दवाखाना, हॉटेल, बसस्थानक सगळं हाताशी आहे. बाजाराची गर्दी टाळायला सकाळी लवकर जा.

प्रकाशा म्हणजे आपली दक्षिणकाशी. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं केदारेश्वर मंदिर, पुढं नदीचा मोठा पाट. इथं घाटाच्या पायऱ्या नदीत उतरतात. व्हीलचेअर घाटावरून खाली न्यायचा अट्टाहास करू नका, कारण ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर चौघांचाही पाय घसरतो. खुर्ची वर सपाट जागी लावा, ब्रेक लावा, तिथून नदी छान दिसते. तांब्यात नदीचं पाणी आणून मुलाच्या हातावर घाला. त्याचं स्नान झालं.

सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. मैदान सपाट आहे, हा फायदा. पण माती भुसभुशीत असते आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात रुततात. त्यावर काय करायचं ते पुढं सांगते. मुख्य दिवशी खुर्ची ढकलायला जागाच मिळत नाही, म्हणून दत्तजयंतीनंतर एखाद्या दिवशी सकाळी जा. घोड्याच्या मागच्या बाजूला खुर्ची कधीच उभी करू नका. आमच्या एका गटातल्या ताई त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन अशा सकाळी गेल्या होत्या. एका घोडेवाल्या दादांनी शांत घोडी तिच्या खुर्चीजवळ आणली आणि तिचा हात घोडीच्या मानेवर ठेवला. ही मुलगी फार बोलत नाही. घरी आल्यावर तिनं पाटीवर घोडा काढला. ताई नऊ वर्षांनी यात्रेला गेल्या होत्या.

तोरणमाळ शहाद्याहून म्हसावदमार्गे जावं लागतं. सातपुड्यात साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर हे ठिकाण आहे. गाडी वरपर्यंत जाते आणि यशवंत तलाव रस्त्यालगत आहे, त्यामुळे चाकावरच्या मुलालाही तलाव नीट बघता येतो. सीताखाईला मात्र दरीच्या कडेपासून खुर्ची दूर ठेवा, दोन्ही ब्रेक लावा आणि एकीनं खुर्चीचा दांडा सोडूच नका. घाटात वळणं खूप आहेत. ज्या मुलाची मान सावरत नाही त्याला गाडीत मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंनी उशी लावून बसवा. निघण्याआधी पोटभर जेवू घालू नका, थोडं थोडं द्या. हिवाळ्यात वर कडाक्याची थंडी असते. ज्या मुलाचे पाय हलत नाहीत त्याचे पाय लवकर गार पडतात. लोकरीचे मोजे घ्या.

शहादा तालुक्यातलं उनपदेव गरम पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. इथं एक गोष्ट नीट ऐका. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या किंवा जन्मतः कण्याचा दोष असलेल्या पुष्कळ मुलांना कमरेखाली गरम-गार कळत नाही. पाणी पोळलं तरी मूल रडत नाही आणि फोड आल्यावरच आपल्याला समजतं. अशा मुलाचे पाय गरम पाण्यात घालू नका. दुसऱ्या कुठल्या मुलालाही पाण्यात बसवण्याआधी आपलं कोपर बुडवून बघा.

थोडं लांब जायचं तर

सप्तशृंगी गड हे आपल्या खानदेशातल्या बायकांचं माहेरच. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. पण २०१८ पासून तिथं रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू आहे. तिला फ्युनिक्युलर म्हणतात. पैसे पडतात, पण जी आई लेकराला पाठुंगळी घेऊन पायऱ्या चढत होती तिची पाठ त्यामुळे वाचते. ट्रॉलीतून उतरल्यावर दर्शनापर्यंत काय वाट आहे ते खालीच विचारून घ्या. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र हे दिवस सोडून जा.

एकतानगरचा सरदार पटेलांचा पुतळा तळोद्याहून अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा, राजपिपळा या रस्त्यानं गाठता येतो. १८२ मीटर उंचीचा हा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला. जागा नवी बांधलेली आहे, म्हणून वाटा रुंद आणि सपाट आहेत आणि लिफ्ट आहे. वरच्या गॅलरीचं तिकीट वेगळं असतं. चाकावरच्या मुलाला वर नेण्याचा त्या दिवशीचा नियम काय आहे, हे तिकीट काढण्याआधी विचारा. सोमवारी बंद असतं. पहाटे निघा, नाही तर परतीला रात्र होते आणि मूल दमतं.

अजिंठा आणि वेरूळ या दोन्हींची गोष्ट वेगळी वेगळी आहे. अजिंठ्याला फर्दापूरजवळ आपली गाडी सोडून तिथल्या बसनं जावं लागतं आणि पुढं लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. तिथं डोलीवाले मिळतात. भाव आधी ठरवा आणि डोलीत मुलाला ओढणीनं कमरेशी बांधा. वेरूळला सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं रस्त्याच्या पातळीवरच आहे. त्याच्या अंगणात खुर्चीवर बसून ते एकाच खडकातलं देऊळ, ते हत्ती, ते खांब बघता येतात. चौतीस लेण्यांपैकी एकच बघितलं तरी चालतं, पण ते निवांत बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्हीकडे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

आता जिथं जमत नाही तेही सांगते. अस्तंब्याची यात्रा ही डोंगराची पायपीट आहे. व्हीलचेअर तिथं जाऊ शकत नाही आणि मोठ्या मुलाला उचलून नेणं त्याच्याही जिवाला धोक्याचं. पण दिवाळीत तळोद्यातून यात्रेकरू जातात-येतात. त्या वाटेवर खुर्ची लावा, मुलाच्या हातून त्यांना पाणी द्या. यात्रेत त्याचाही वाटा झाला.

प्रवासातली सोय आणि सवलत

गटानं गाडी ठरवताना व्हीलचेअर घडी होणारी आहे का ते बघा. घडी करताना आधी गादी काढायची, मग बसायचं कापड मधोमध वर ओढायचं. पाय ठेवायच्या पट्ट्या सुट्या होत असतील तर काढून पिशवीत घाला, नाही तर वाटेत हरवतात. कॅरिअरवर बांधताना चाकाच्या आऱ्यांतून दोरी घालू नका, मुख्य दांड्याला बांधा. खुर्चीनं गाडीत एका माणसाची जागा अडवली तर तिचं भाडं त्या आईवर टाकू नका, सगळ्या वर्गणीत धरा. एका ताईला पन्नास-शंभर रुपये जड जातात, वीस जणींत ते कळतही नाहीत.

एसटीत दिव्यांग प्रवाशाला साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते आणि दिव्यांगत्वाचं प्रमाण जास्त असेल तर सोबत्यालाही ५० टक्के सवलत आहे. आईला तर १७ मार्च २०२३ पासून महिला म्हणून अर्धं तिकीट आहेच. कोणतं ओळखपत्र चालेल ते आधीच बसस्थानकावर विचारून घ्या. खुर्ची डिकीत जाते. एसटीची पायरी उंच असते, म्हणून मुलाला चढवायला दोघी लागतात.

रेल्वेनं जायचं तर नंदुरबार स्टेशन आपल्याला जवळ आहे. जी मुलं सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाहीत त्यांना स्लीपर आणि थ्री एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठी सरकारी डॉक्टरांनी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला किंवा रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र लागतं. पुष्कळ मेल-एक्स्प्रेस गाड्यांना दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. त्याचं दार आणि शौचालय रुंद असतं. तो पुढं लागतो की मागं हे १३९ वर फोन करून किंवा स्टेशनवर विचारा, कारण गाडी आल्यावर खुर्ची घेऊन पळणं होत नाही.

खुर्ची हाताळायची रीत

हे सगळ्या जणींनी शिकायला हवं, एकट्या आईनं नाही. बैठकीच्या दिवशी दहा मिनिटं सराव करा. एकीनं खुर्चीत बसावं, दुसरीनं ढकलावं. बसून बघितलं की मागच्या माणसाचा धसमुसळेपणा काय असतो ते लगेच कळतं.

मुलाला बसवताना आणि उतरवताना आधी दोन्ही ब्रेक लावा आणि पायपट्ट्या वर करा. पट्टीवर पाय देऊन मूल उभं केलं तर खुर्ची पुढं उलटते.

एकच पायरी चढायची असेल तर खुर्ची पायरीसमोर आणा. मागच्या खालच्या दांडीवर आपला पाय दाबून खुर्ची मागं कलवा, पुढची चाकं पायरीवर टेकवा आणि मग मोठी चाकं ढकला. चार-पाच पायऱ्या असतील तर खुर्ची उलटी फिरवा, मोठी चाकं पायरीला लावा. एकीनं वरच्या बाजूला उभं राहून मागचे दांडे धरायचे, दुसरीनं खालून पुढची चौकट धरायची. एक-एक पायरी, एकीनं "हां" म्हटल्यावरच. हात ठेवायच्या किंवा पाय ठेवायच्या सुट्या भागाला धरून उचलू नका, ते निघून हातात येतात. उतरताना मुलाचं तोंड पुढं ठेवा, खुर्ची मागं कललेली, एक मागं, एक पुढं खाली.

मोठा उतार उतरताना मात्र खुर्ची उलटी घ्या. आपण आधी उतरायचं, खुर्ची आपल्या अंगावर सावरून मागं मागं यायचं. सरळ नेली तर मूल पुढं घसरतं आणि आपला हात सुटला तर खुर्ची थांबत नाही.

वाळूत किंवा भुसभुशीत मातीत छोटी चाकं रुततात. तिथं खुर्ची कलवून पुढची चाकं हवेत ठेवा आणि मोठ्या चाकांवर ढकला, नाही तर उलटी ओढत न्या.

खुर्चीला हवेची चाकं असतील तर सायकलचा पंप सोबत घ्या. खुर्चीच्या मागं एक चिठ्ठी शिवा आणि तिच्यावर मुलाचं नाव आणि घरचा फोन नंबर लिहा.

संडास, पाणी आणि ऊन

आता ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही तिच्यावर बोलू. पुष्कळ आया सांगतात की सहलीच्या दिवशी त्या मुलाला पाणीच देत नाहीत, म्हणजे वाटेत लघवीचा प्रश्न येत नाही. असं करू नका. आपल्या खानदेशातल्या उन्हात पाणी कमी पडलं की ताप येतो, लघवीला जळजळ होते, बद्धकोष्ठ होतं. पाणी द्या आणि संडासाची सोय आधी करा.

सोपी युक्ती आहे. हातांची, मजबूत प्लॅस्टिकची जुनी खुर्ची घ्या, बसायच्या जागी मधोमध गोल भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. ही खुर्ची खाली बसायच्या संडासावर ठेवली की मुलाला बसता येतं. एकीनं धरून उभं राहायचं. गाडीच्या कॅरिअरवर ती सहज जाते. जिथं संडासच नाही तिथं खाली बादली ठेवायची आणि दोन जणींनी साडी धरली की आडोसा होतो. मुलगी मोठी झाली असेल, पाळी येत असेल, तर हा आडोसा तिच्या मानाचा प्रश्न आहे. त्यात कुचराई नको. जी मुलं नळीनं लघवी काढतात त्यांचं साहित्य स्वच्छ डब्यात, हात धुवायला साबण आणि उकळून गार केलेलं पाणी घ्या.

दिवसभर एका जागी बसून मुलाला ढुंगणाला आणि माकडहाडाला जखम होऊ शकते. ज्याला तिथं संवेदना नाही त्याला ती कळतही नाही. दर अर्ध्या तासानं त्याला थोडं उचला किंवा एका बाजूला कलवा, दुपारी सतरंजीवर आडवं करा. घरी आल्यावर कातडी लाल झाली आहे का ते बघा. लाल डाग दाबल्यावरही फिका पडत नसेल तर त्या जागेवर बसवू नका आणि दवाखान्यात दाखवा.

खुर्चीचा लोखंडी सांगाडा उन्हात तव्यासारखा तापतो. उभी करताना सावलीत करा, दांड्यांवर ओला पंचा टाका. खाऊ घालताना मूल सरळ बसलेलं हवं. चालत्या गाडीत, आडवं असताना घास देऊ नका, घास श्वासनळीत जातो. फिट येणाऱ्या मुलाचं औषध आईच्या कमरेच्या पिशवीत हवं, गाडीतल्या सामानात नाही. फिट आली तर काय करायचं हे आणखी दोघींना माहीत असू द्या.

लोक बघतात, विचारतात

"काय झालं पोरीला?" "मागच्या जन्मीचं असेल." असं यात्रेत कुणीतरी म्हणतंच. त्या क्षणी आईला एकटं पडू देऊ नका. शेजारची ताई म्हणाली, "काही झालं नाही, यात्रा बघायला आली आहे," की पुष्कळदा पुढचं बोलणं थांबतं. कुणी मुलाच्या हातावर पैसे ठेवले तर शांतपणे परत करा.

आणि मुलाला विचारा. काय बघायचं, कुठं थांबायचं, घोडा बघायचा की पाळणा, हे त्याला ठरवू द्या. जे मूल बोलत नाही ते डोळ्यांनी, बोटानं, मानेनं सांगतं. त्याला न विचारता खुर्ची वळवू नका. आपली मान धरून कुणी दुसरीकडे फिरवली तर आपल्याला कसं वाटेल?

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तुमच्यातल्या काही जणींनी ऐकलं असेल. किशोरवयात त्यांचे पाय गेले. पुढं १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि शेकडो दिव्यांग मुलांना शिकवलं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे. गावच्या वाचनालयात मिळालं तर वाचा आणि आपल्या मुलांनाही वाचून दाखवा.

हा उपकार नाही, हक्क आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. या कायद्यात सार्वजनिक इमारती आणि वाहनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करायला सांगितलं आहे. मनोरंजन, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातही त्यांना बरोबरीचा वाटा आहे असं त्यात म्हटलं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की यासाठीचे नियम नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

यातली आपल्या रोजच्या कामाची गोष्ट शाळेच्या सहलीची. सरकारी आणि अनुदानित शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता शिकवायचं आणि खेळात, करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं संधी द्यायची, असं कायद्याच्या सोळाव्या कलमात आहे. म्हणून "याला सांभाळणार कोण, राहू द्या घरी" हे उत्तर पुरेसं नाही. सहलीची जागा ठरायच्या आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. भांडणाच्या सुरात लिहू नका, मदतीच्या सुरात लिहा. मुलाला काय लागतं, सोबत कोण येईल, खुर्ची घडी होते, एवढं लिहा. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या गटाची कुणी असेल तर तिनं हा विषय मांडावा. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही बोलवा.

कागदपत्रांत पहिलं म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, सीएससी केंद्रात भरून मिळतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना मिळतात. व्हीलचेअर नसेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबाला मोफत मिळू शकते, शाळेतल्या मुलांसाठी समग्र शिक्षाची शिबिरंही होतात. खुर्ची घेताना मुलाच्या मापाची घ्या. मोठ्या माणसाच्या खुर्चीत लहान मूल एका अंगाला कलतं आणि त्याची पाठ वाकडी होते.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठं खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला अधिकार आहे. गावातलं मंदिर, समाजमंदिर, अंगणवाडी यांना नीट चढाचा रॅम्प मागा. मागताना तो इंच-फुटांचा हिशेब सांगा. लांबच्या पर्यटनस्थळाइतकंच आपल्या गावचं देऊळही त्या लेकरासाठी बघायची जागाच आहे. कायदा पाळला जात नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

पुढच्या बैठकीत एक ठराव

शेवटी एकच काम सांगते. पुढच्या बैठकीत हजेरी आणि बचत झाली की ठराव वहीत एक ओळ लिहा: "गटाच्या सहलीची जागा ठरवताना गटातल्या प्रत्येक सदस्याचं मूल येऊ शकेल का, हे आधी बघितलं जाईल." खाली सगळ्या जणींच्या सह्या, अंगठे घ्या. मग दोन जणींची नावं लिहा. त्या दोघी त्या दिवशी आईसोबत खुर्चीची जबाबदारी घेतील आणि दर दोन तासांनी बदलतील, म्हणजे आईलाही तासभर बांगड्यांच्या दुकानात जाता येईल.

तुमच्या गटानं असं काही केलं, एखाद्या ठिकाणच्या पायऱ्या मोजून आणल्या, एखादी नवी युक्ती सापडली, तर आम्हाला कळवा. ती माहिती आपण इतर गटांपर्यंत पोचवू. एका गटानं मोजलेल्या पायऱ्या दुसऱ्या गटाला पुन्हा मोजाव्या लागू नयेत.